व्याही जहाजावर जेवत नाहीत

क्रूझवर जायचं ठरलं की आमच्या गारखेड्यातली माणसं बॅग भरायच्या आधी माझ्या घरी येतात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जोडीनं येतात, चपला बाहेर काढतात आणि "सर, जरा माहिती घ्यायची होती" म्हणत सोफ्याच्या कडेवर टेकतात. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटी, सागरी प्रवाह, खंडान्त उतार हे सगळं निळ्या खडूनं फळ्यावर काढलं, आणि खरा समुद्र बघितला तो निवृत्त झाल्यावर. त्याचा सूड म्हणून असेल, पण त्यानंतर पाच वेळा जहाजावर जाऊन आलो. आमच्या संभाजीनगरपासून समुद्र इतका लांब आहे की पाच फेऱ्या केलेला माणूस इथं दर्यावर्दी म्हणून खपतो. मीही कुणाची चूक दुरुस्त करत नाही.

माझा सल्ला ठरलेला असतो. बंदरात बॅगा ताब्यात घेतात, त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते, तेव्हा गोळ्या, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पहिल्या दिवशी पोहण्याच्या तलावाकाठी बंद गळ्याच्या कोटात सहा तास बसले होते, कारण हाफ पँट बॅगेत आणि बॅग जहाजाच्या पोटात कुठंतरी. खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथं कमी हलतं. भिंती लोखंडी असतात, म्हणून फ्रीजला लावतात तसले लोहचुंबक न्या, टोपी, टॉवेल, पिशवी सगळं भिंतीला टांगता येतं. इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. (माझी घेतली.) घरचं शिजवलेलं काही नेऊ नका, तेही काढून घेतात. जेवणाच्या हॉलमध्ये गेल्या गेल्या ताट उचलू नका. आधी रिकाम्या हातानं एक प्रदक्षिणा घाला, काय काय आहे ते बघा, मग ताट घ्या. नाहीतर पहिल्या टेबलावरच्या पावानंच पोट भरतं आणि शेवटच्या टेबलावरचे गुलाबजाम बघत बसावं लागतं. आलेपाक जवळ ठेवा. मळमळलं तर लांब क्षितिजाकडं बघा, नवऱ्याकडं बघू नका. ही शेवटची सूचना माझ्या बायकोची.

तिची पहिली फेरी मात्र मी सगळ्यांना सांगतो. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही कधी येईल ते नळालाच ठाऊक. नळ खोकला की ही कुठूनही उठून धावते. जहाजावर खोलीत शिरल्यावर तिनं नळ सोडला, भरभरून पाणी आलं, आणि तिच्यानं राहवेना. पेले भरले, चहाची किटली भरली, बर्फाचं भांडं भरलं, कचऱ्याची बादली धुऊन भरली. खोली आवरणाऱ्यानं सकाळी सगळं ओतून टाकलं. हिनं पुन्हा भरलं. त्यानं पुन्हा ओतलं. तीन दिवस दोघंही एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. उतरायच्या दिवशी त्यानं स्वतःच भरलेल्या दोन बाटल्या हिच्या हातात दिल्या.

एवढं सगळं ज्ञान असलेल्या माणसाची पाचव्या फेरीत जी फजिती झाली, ती मी सोफ्यावरच्या मंडळींना सांगत नाही. ती माझ्या व्याह्यांची गोष्ट आहे.

माझ्या लेकीचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालं. जावई पुण्यात नोकरीला. त्याचे आई-वडील पैठणकडच्या एका गावात, मोसंबीची बाग, दोन विहिरी आणि गावात शब्दाला वजन. लग्न मी बीड बायपासच्या एका लॉनवर केलं आणि जेवण ठेवलं बुफे. शहरात सगळे तसंच करतात. व्याह्यांनी ताट घेतलं, रांगेत उभे राहिले, आणि थोड्या वेळानं मी बघतो तर ताट टेबलावर ठेवून ते निघालेले. थेट गाडीत जाऊन बसले. मी मागं धावलो. त्यांनी काच अर्धी खाली केली.

"सर, आमच्याकडं इवायाला ताट घिऊन उभं करत नायत," म्हणाले, आणि काच वर गेली.

तेव्हापासून त्यांनी माझ्या घरी अन्नाला हात लावला नाही. येतात, येत नाहीत असं नाही. दिवाळीत येतात, मोसंब्यांची गोणी आणतात, हसून बोलतात. पण ताट मांडलं की "पोट भरलंय", चहा आणला की "चहा सोडलाय." तांब्या तेवढा मागून घेतात, दोन्ही हातांत धरून वरून पाणी पितात आणि उठतात. माणूस घरचं पाणी पितो आणि जेवत नाही, म्हणजे त्यानं तुम्हाला अर्धंच माफ केलं असं आमच्याकडं समजतात. मलाही राग यायचा. माझा राग लवकर येतो आणि मुक्कामाला राहतो. मी ठरवलं होतं, माफी मागणार नाही. बुफे ठेवला होता, विष नव्हतं ठेवलं.

या सगळ्यात भरडली जात होती लेक. तिनं सणाला आम्हाला बोलवावं तर सासरे येऊन उपाशी परतणार, त्यांना बोलवावं तर मी फुगून बसणार. गेल्या वर्षी तिनं पुण्यात फ्लॅट घेतला आणि वास्तुशांत लांबणीवर टाकली. मग एके दिवशी तिनं आणि जावयानं मिळून आम्हा चौघांची, म्हणजे दोन्हीकडच्या आई-वडिलांची, मुंबईहून कोचीला जाऊन परत येणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली आणि मला फोन केला.

"बाबा, जहाजावरचं अन्न ना तुमचं ना त्यांचं," ती म्हणाली. "तिथं एका टेबलावर बसून जेवा. जेवलात की मला कळवा, मी वास्तुशांतीची तारीख काढते. नाहीतर राहू दे ते घर तसंच."

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला. लहानपणी पडली तरी न रडणारी ही पोरगी. मी म्हटलं, जेवतो, तू काळजी करू नको.

आता एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती ती समजू शकतो, ती कधी जहाजावर गेली नव्हती. पण चार फेऱ्या केलेल्या मला तरी आठवायला हवं होतं की जहाजावर जेवण बहुतेक बुफेच असतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. बंदरात पोचल्यावर विहीणबाईंनी पिशवीतून कापडात बांधलेली एक उंच चळत काढली. धपाटे, चार दिवस पुरतील एवढे, आणि वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मी तिथंच वर्ग भरवला. शिजवलेलं आत नेऊ देत नाहीत, मशीनमध्ये दिसतं, पिशवी उघडायला लावतात, चारचौघांत शोभा होते.

"अहो दादा, यांना लागतं हे," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

"ताई, आत पंधरा प्रकारची जेवणं आहेत," मी म्हटलं. "कुणी उपाशी राहत नाही."

धपाटे आम्हाला सोडायला आलेल्या ड्रायव्हरच्या हवाली झाले. तो फार खूश झाला. मी माझ्या अनुभवावर खूश होतो.

व्याहीही पहिला दिवस मजेत होते. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, टोपी. रेलिंगला टेकून उभे राहिले आणि बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले.

"सर, येवढं पानी," म्हणाले, "अन् एक मोटर नाय टाकता येत. देवानं चेष्टाच केली की आपली."

केशरी जॅकेट घालून सुरक्षेची कवायत झाली तेव्हा म्हणाले, "हे तं बुडायची रंगीत तालीमच झाली." आजूबाजूचे लोक हसले. लातूरकडच्या एका मोठ्या कुटुंबाशी त्यांची लगेच गट्टी जमली. विहीणबाईंनी खोलीच्या दारावर मण्यांचं तोरण लावलं, माझ्याच लोहचुंबकानं. जहाजाच्या बोळात शंभर दारं सारखी असतात, चार फेऱ्यांत मी निदान दहा वेळा दुसऱ्याच्या दाराला किल्लीचं कार्ड लावलंय. ते तोरण लागल्यावर आमचा आख्खा बोळ "तोरणापासून तिसरं", "तोरणासमोरचं" असा पत्ता सांगू लागला. हा सल्ला मी आता माझा म्हणून देतो.

दुपारी जेवायला गेलो. मी ठरल्याप्रमाणे तिघांना घेऊन प्रदक्षिणा घातली, प्रत्येक भांड्यात काय आहे ते समजावलं. मग आम्ही ताटं घेतली. व्याह्यांनी घेतलं नाही. खिडकीजवळचं टेबल धरून बसले, दोन्ही हात मांडीवर.

"पाहुणे, ताट?"

"भूक नाय सर. तुमी घ्या."

रात्री तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. आम्ही तिघं जेवायचो आणि हा माणूस पाण्याचा ग्लास पुढं ठेवून समुद्राकडं बघायचा. मला घास गोड लागेना, आणि त्याचाही मला रागच आला. दुपारी मी युक्ती केली. खालच्या मजल्यावर बसून जेवायचा हॉल असतो, तिथं वेटर वाढतात. घ्या, म्हटलं, तुमची पंगत! चौघं बसलो. पांढरा टेबलक्लॉथ, सुऱ्या, काटे, चमचे. पहिल्यांदा टोमॅटोचं सूप आलं, पसरट ताटलीत, काठोकाठ. व्याह्यांनी त्या सुपाकडं बघितलं, चमच्याकडं बघितलं, आणि "डोकं दुखायलंय" म्हणून उठून गेले. दोन वेटर काय चुकलं म्हणून विचारायला आले. काय सांगणार? तीन वर्षांपूर्वी बीड बायपासला बुफे ठेवला होता हे चुकलं, असं?

त्याच दुपारी मला विहीणबाई जेवणाच्या हॉलमधून निघताना दिसल्या. पदराखाली काहीतरी झाकलेलं. मी विचारलं तेव्हा पदर सरकला. कपात शिरा, वर दोन केळी आणि कागदी रुमालात गुंडाळलेले पावाचे तुकडे.

"ताई, खोलीत अन्न न्यायचं नसतं," मी शिक्षकी आवाजात सांगितलं. "नियम आहे. आणि त्यांनाही तुम्हीच लाडावून ठेवलंय. भूक लागली की येतील आपोआप."

त्यांनी पदर सारखा केला. केळी परत ठेवायला वळल्या. हे लिहिताना मला अजूनही माझी लाज वाटते, पण झालं ते असं.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून समुद्र खवळला. माझी बायको आलेपाक तोंडात धरून पांघरुणात गेली आणि क्षितिज, नवरा, दोन्हीकडं बघायचं नाही म्हणाली. मी अनुभवी असल्यामुळं भिंतीला धरत धरत नाश्त्याला गेलो. हॉल निम्मा रिकामा. टेबलावरचे पेले आपण होऊन या कडेचे त्या कडेला जात होते. माझ्यापुढच्या बाईंच्या ताटातला उपमा शेजारच्याच्या ताटात गेला आणि दोघांनी एकमेकांना सॉरी म्हटलं. वेटरसुद्धा एका हातानं खांब धरून दुसऱ्या हातानं चहा ओतत होते, अर्धा कपात, अर्धा बशीत. माझ्या बाहीवर संत्र्याचा रस सांडला. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. जो तो आपलं ताट सांभाळत होता.

आणि इडलीच्या टेबलापाशी, डोक्याला टोपी, डाव्या हातात ताट, उजव्या हातात पळी, स्वतःच्या हातानं सांबार वाढून घेत, व्याही उभे होते.

माझा विश्वास बसेना. पळीतलं सांबार टेबलावर सांडलं, थोडं ताटात पडलं, त्यांनी पुन्हा पळी बुडवली. चार इडल्या घेतल्या. मग मला बघून लांबूनच ओरडले, "या सर, बसा! आज लई चांगलं हाय."

मी समोर जाऊन बसलो. तेवढा आनंद मला माझ्या निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. माणूस हावऱ्यासारखा खात होता. दोन दिवसांची भूक. मी फोन काढला, त्यांचा फोटो घेतला आणि लेकीसाठी लिहिलं, "व्याही जेवले. रुसवा संपला." पाठवायचं बटण दाबलं. जहाजाचं इंटरनेट लागतं तेवढा वेळ लागून ते गेलंही.

मग मध्येच जहाज थोडं शांत झालं. मोठ्या लाटांच्या मध्ये असं होतं, अर्धा-एक मिनिट सगळं सरळ होतं. पेले थांबले. माझा हात थांबला. सगळ्या हॉलनं सुस्कारा टाकला. व्याह्यांचा हात थांबला नाही.

चमचा उचलायला गेले तर तो ताटावर टकटक वाजत होता. त्यांनी वर बघितलं. मी बघत होतो ते त्यांनी बघितलं. चमचा खाली ठेवला, हात टेबलाखाली नेला.

"झालं माझं," म्हणाले, आणि उठले. ताटात दोन इडल्या शिल्लक होत्या.

मी तिथंच बसून राहिलो. चहा सोडलाय. तांब्या दोन हातांनी. पसरट ताटलीतलं सूप. वर्गात एखादा पोरगा फळ्यावरचं वाचायला पुढं येऊन बसतो आणि मास्तर त्याला चोमडा समजत राहतो, वर्षाअखेरीस कळतं की त्याला लांबचं दिसतच नव्हतं. तसं झालं माझं.

विहीणबाई डेकवर सापडल्या. वारा कमी झाला होता. मी विचारलं, कधीपासून?

त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं. "चार वर्सं झाली," म्हणाल्या. "संभाजीनगरला छावणीतल्या डाक्टरला दावलं. भारी काही नाय म्हनले, वयाचं हाय, काही उचलाया गेलं की हात हालतो. गोळी दिली, पन लई फरक नाय. घरी खाली बसत्यात, ताटावर वाकून भाकर कुस्करून खात्यात, मी वाढते. पोराला बी ठाऊक नाय दादा. आन घातलीया मला."

"आणि लग्नात?"

"आमटी घ्यायला गेले अन् धोतरावर सांडली. कुनी बगितलं नाय. पन त्यांनी बगितलं ना." त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "मग म्हनले, रुसलो म्हन सगळ्यांला. रुसलाय म्हनलं की कुनी फुडं इचारत नाय."

खरंच होतं. आम्ही कुणीच पुढं विचारलं नव्हतं. वराचा बाप मानपानावरून रुसला ही आमच्याकडं इतकी सरळ गोष्ट आहे की तीन वर्षांत मला, माझ्या लेकीला, त्यांच्या सख्ख्या मुलाला तिच्याबद्दल काही शंका आली नाही. मी तर त्या रुसव्यावर स्वतःचा एक रुसवा चढवून बसलो होतो. मला मनापासून वाईट वाटलं, आणि काल परत ठेवायला लावलेली ती दोन केळी आठवून जास्तच वाटलं.

तेवढ्यात लेकीचं उत्तर आलं. "खरंच? काढू तारीख?" पुढं चार नाचणारी चित्रं. मी फोन खिशात टाकला. काय लिहिणार? जेवले, कारण समुद्र खवळला होता? पुण्याच्या फ्लॅटमध्ये समुद्र कुठून आणू?

त्या दुपारी जहाज कोचीला लागलं, व्याही उतरलेच नाहीत. चौथ्या दिवशी समुद्र असा सपाट, की बायको उठून बसली आणि नळाचा आवाज आला. मी ओळखलं, आता हिला बरं आहे. दुपारी हॉलमध्ये गेलो तर व्याही पुन्हा त्याच खिडकीपाशी, पुढं पाण्याचा ग्लास, हात मांडीवर. शेजारच्या टेबलावर लातूरचं कुटुंब, आजीबाईंपासून नातवंडांपर्यंत. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मला ठाऊक आहे असं त्यांना सांगावं, तर ते मेल्याहून मेल्यासारखे होतील. न सांगावं, तर उद्या मुंबईत उतरणार आणि सगळं होतं तिथंच. सकाळभर मी याचाच विचार करत होतो. आमच्याकडं लग्न झालं की व्याही व्याह्याला गोडाचा घास भरवतो, दोन घरं एक झाली म्हणून. माझ्या लेकीच्या लग्नात ते राहूनच गेलं होतं, कारण एक व्याही गाडीत होता आणि दुसरा काचेबाहेर.

मी वाटीभर शिरा घेतला आणि त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. मग मागच्या बाकापर्यंत जाणारा माझा जुना आवाज काढला.

"मंडळी, जरा इकडं लक्ष द्या!"

लातूरकरांनी चमचे थांबवले. बायकोनं कपाळाला हात लावला. तिला वाटलं मी आता लोहचुंबकावर बोलणार.

"हे माझे व्याही. लेकीच्या लग्नात मी यांना हातात ताट देऊन उभं केलं. यांचा मान राखला नाही. तीन वर्षं झाली, मी चुकलो असं एकदाही म्हणालो नाही. आज म्हणतो. पाहुणे, माझं चुकलं. तुम्ही बसा. ताटाला हात लावू नका. आज मी भरवणार."

"सर," ते दबक्या आवाजात म्हणाले, "कामून तमाशा करायले?"

"लग्नात राहिला होता तो करतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या बायकोकडं बघितलं. विहीणबाई मान वर करेनात. ते समजले. मला कळलंय हे त्यांना समजलं, आणि मी ज्या रुसव्याबद्दल माफी मागतोय तो कधी नव्हताच, हेही फक्त आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मी शिऱ्याचा घास पुढं केला. न जाणो, उठून गेले तर?

त्यांनी तोंड उघडलं.

टाळ्या पडल्या. बायकोनं फोटो काढला. मी दुसरा घास दिला, तिसरा दिला, "एक माझ्या लेकीच्या नावचा", "एक तुमच्या मोसंबीच्या बागेच्या नावचा" असा आग्रह करत वाटी संपवत आणली. ते आता हसत होते आणि "बास सर, बास" म्हणत प्रत्येक घास खात होते. चार दिवसांत पहिल्यांदाच पोटभर खात होते. मी स्वतःवर फार खूश झालो. वास्तुशांतीला मीच शेजारी बसून भरवणार, सगळे म्हणतील काय हा मान, काय हे प्रेम, आणि कुणाला काही कळणारही नाही, इथवर माझं सगळं ठरलं.

तेवढ्यात लातूरच्या आजीबाई उठून उभ्या राहिल्या.

"आता तुमी भरवा की त्यास्नी!" त्या व्याह्यांना म्हणाल्या. "एकाच अंगानं असतंय का कुठं? मान फिटला पायजे."

"व्हय, व्हय!" सगळं टेबल ओरडलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घास दिला की परत घ्यावा लागतो, ही पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट. "नको, नको," मी म्हणायला लागलो, "माझं जेवण झालंय, मला गोड चालत नाही..." काय वाटेल ते बोलत होतो. सगळे ओरडत होते. हॉलमधल्या लांबच्या टेबलांवरचे लोकही वळून बघायला लागले.

व्याही वाटीकडं बघत होते. मग त्यांनी मांडीवरचा उजवा हात वर काढला आणि सगळ्यांसमोर वाटीत घातला.

वाटी टेबलावर खडखड वाजली. ओरडा हळूहळू कमी झाला. त्यांनी तीन बोटांत शिरा धरला आणि हात उचलला. हात हालत होता, लपण्यासारखा नव्हता. आजीबाई खाली बसल्या.

"सर," ते म्हणाले, चांगल्या खणखणीत आवाजात, "माझा हात हालतो."

"हालू द्या," मी म्हटलं. "मी कुठं चाललोय?"

शिरा माझ्या शर्टावर पडला, थोडा मिशीला लागला, थोडा हनुवटीला. त्यांनी हात मागं घेतला नाही. तीस वर्षं मी वर्गात "चला, आटपा लवकर" याशिवाय दुसरं काही म्हटलं नसेल. त्या दिवशी मला कसलीच घाई नव्हती. घास पोचेपर्यंत तोंड उघडून बसलो.